तान्हा पोळ्याचा नंदी कोडमधून काढतोय, वशिंडापाशी कोपरा येऊन राहिला

शनिवारचा_वर्ग
नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात मी दर शनिवारी आठवी-नववीच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवते. अकरा मुलं, चार जुने लॅपटॉप आणि कोडमधून चित्रं काढायची पी५ ही लायब्ररी, एवढंच आमचं भांडवल. तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा, आला की नागपुरात लाकडी नंदी दारोदार फिरतात. मुलांनी यंदा ठरवलं की वर्गातला नंदी स्क्रीनवर काढायचा. चाकं हवीत, झूल हवी, आणि तो डावीकडून उजवीकडे चालत गेला पाहिजे.

चाकं पहिल्याच शनिवारी झाली, वर्तुळंच ती. पुढे सगळं अडलं. लाकडी असो की खरा, बैलाच्या अंगावर एक सरळ रेष नसते! पाठ, वशिंड, पोट, शिंगं, जिथे बघावं तिथे बाक.

कॅनव्हास ६०० बाय ४००, य वरून खाली मोजतात, म्हणजे आकडा लहान तितकं वर. पाठ बेझियर वक्राने काढली (त्यात दोन टोकं आणि वक्राला आपल्याकडे ओढणारे कंट्रोल पॉइंट द्यायचे असतात): (१५०, १८०) पासून (३३०, १८०) पर्यंत, मधले कंट्रोल पॉइंट (२१०, २००) आणि (२७०, २००), म्हणजे पाठ किंचित खोलगट. तिथून पुढे वशिंड: (३३०, १८०) ते (४२०, १८०), कंट्रोल पॉइंट (३४०, ११०) आणि (४१०, ११०). दोन गोष्टी बिघडताहेत. पाठ आणि वशिंड जुळतात तिथे चक्क कोपरा दिसतो, दुमडलेल्या पुठ्ठ्यासारखा. आणि वशिंड ११० पर्यंत चढायला हवं, ते १२७ च्या आसपासच थांबतं. पोटाला आर्क, म्हणजे वर्तुळाचा तुकडा, लावला तर त्याची पोळीचा घास तोडल्यासारखी आकृती झाली.

मुलं विचारतात, "ताई, आपण सांगितलेल्या बिंदूतून रेष जातच नाही, मग बिंदू द्यायचा कशाला?" उत्तर मला तोंडपाठ आहे, पण त्यांना पटेल असं सांगता येत नाहीये. आर्क, बेझियर, की बिंदूंतून जाणारा कर्व्ह, आधी काय शिकवू?

तर्री_जास्त
वा ताई! फोटो टाका, पोरांच्या नंदीला बोजारा (खाऊ-पैसे) द्यायला आम्ही इथूनच येतो.

निवृत्त_गणित
ताई, वशिंडाच्या उंचीचं आधी सांगतो, ते निव्वळ अंकगणित आहे. चार बिंदूंच्या बेझियरचा बरोबर मधला बिंदू काढायचा तर चारही बिंदूंना वजनं द्यायची: १, ३, ३, १. बेरीज ८. तुमच्या वशिंडाचे य-निर्देशक १८०, ११०, ११०, १८०. म्हणून १८० अधिक ३३० अधिक ३३० अधिक १८०, एकूण १०२०. भागिले ८, उत्तर एकशे साडेसत्तावीस. तुमच्या डोळ्यांना १२७ दिसलं, ते अगदी बरोबर दिसलं.

दोन्ही कंट्रोल पॉइंट एकाच उंचीवर असले की वक्र त्या उंचीच्या पाऊण भागापर्यंतच चढतो. तुम्हाला ७० चढायचं आहे, तर ७० चे चार-तृतीयांश करा, साधारण ९३. म्हणजे कंट्रोल पॉइंट ८७ वर न्या, वशिंड ११० ला लागेल. तीन बिंदूंचा बेझियर वापरला तर वजनं १, २, १ होतात आणि वक्र अर्ध्या उंचीवरच राहतो.

ही वजनं मुलांना आधीपासून ठाऊक आहेत. (अ + ब) चा घन उलगडला की हेच सहगुणक येतात, १, ३, ३, १. आठवी-नववीला ते विस्तारसूत्र असतंच. फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी लिहा आणि वर्गात काय होतं ते बघा.

शनिवारचा_वर्ग
सर, हे वाचून मी स्वयंपाक सोडून लॅपटॉप उघडला. ८७ टाकलं, वशिंड बरोबर ११० वर! विस्तारसूत्राची गोष्ट मला कॉलेजात कोणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं. कोपरा मात्र अजून तसाच आहे, उलट आता जास्तच टोचतो.

रेषा_ओढा
एक वेगळं मत मांडतो, रागावू नका. इतका आटापिटा कशासाठी? नंदीचा फोटो इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा, पेन टूलने बाह्यरेषा गिरवा, एसव्हीजी (रेषांच्या चित्राची फाइल) म्हणून सेव्ह करा आणि कोडमध्ये आणा. वीस मिनिटांत काम होतं. व्यवसायात आम्ही असंच करतो, हाताने आकडे कोणी लिहीत नाही. मुलांना चालता नंदी बघायचाय, तो लवकर दिसला तर त्यांचा हुरूप टिकेल.

सुताराचा_पोरगा
रेषा_ओढा भाऊ, तुमचं बरोबर हाये, पण इथं थोडं चुकून राहिलं. माझे बाबा पस्तीस वर्षांपासून लाकडी नंदी बनवतात. पोळ्याच्या दोन महिने आधीपासून आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते, जिकडेतिकडे भुसा. त्यांच्याकडं प्लायवूडचे फर्मे आहेत, लहान-मोठ्या नंदीचे वेगळे. फर्मा ठेवला, पेन्सिल फिरवली, कापलं. तुमचं इंकस्केप म्हणजे तो फर्मा.

पण पहिला फर्मा कोणी काढला? बाबांनीच. मी लहान होतो, डोळ्यांनी पायलं हाये. फळीवर खिळे ठोकले, पाठीला दोन, वशिंडाच्या डोक्यावर एक, मानेपाशी एक. मग बांबूची पातळ कांबीट घेतली आणि खिळ्यांच्या मधून वाकवत नेली. कांबीट आपोआप असा बाक घेते का कुठंच कोपरा येत नाही. लाकूड कोपरा घेतच नाही, जास्त वाकवलं तर तुटते. त्या कांबटीच्या कडेनं पेन्सिल फिरवली का झाली पाठ.

पोरांना एकदा तरी कांबीट वाकवू द्या ताई. फर्मा नंतर कधीबी वापरता येते.

ई_तिसरं_वर्ष
सुतारदादांनी सांगितलं ती कांबीट म्हणजेच स्प्लाइन! हा शब्दच तिथून आला. जहाजांचे आराखडे काढणारे लोक लाकडाची लवचीक पट्टी शिशाच्या वजनांनी जागोजागी दाबून ठेवायचे आणि तिच्या कडेने रेष ओढायचे. त्या पट्टीला स्प्लाइन म्हणत.

ताई, पी५ मध्ये कर्व्ह-व्हर्टेक्स आहे, तो दिलेल्या प्रत्येक बिंदूतून जातो. मुलांचा "रेष बिंदूतून का जात नाही" हा प्रश्नच उरत नाही. तो कॅटमुल-रॉम प्रकारचा आहे, एडविन कॅटमुल आणि राफाएल रॉम यांनी १९७४ मध्ये मांडलेला. हाच कॅटमुल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाला, २०१९ चा ट्युरिंग पुरस्कारही त्याला आणि पॅट हॅनरहनला मिळाला. मुलांना हे सांगा, ॲनिमेशन सिनेमा म्हटलं की त्यांचे कान टवकारतात.

एकच लक्षात ठेवा: जुन्या आवृत्तीत पहिला आणि शेवटचा बिंदू दोनदा द्यावा लागतो. टोकाचे बिंदू फक्त दिशा दाखवतात, रेष दुसऱ्यापासून सुरू होऊन शेवटून दुसऱ्यावर संपते.

काना_वेलांटी
मी देवनागरी टाइप डिझाइनमध्ये काम करते. ई_तिसरं_वर्ष, तुझी सूचना पोटासाठी चांगली आहे, वशिंडासाठी नाही. बिंदूंतून जाणारा कर्व्ह बिंदू कमी-जास्त अंतरावर असले की मधेच फुगतो. पाठीवर बिंदू लांब लांब, वशिंडावर जवळ जवळ, असं झालं की वशिंडाच्या अलीकडे पाठ खाली दबते आणि पलीकडे एक आगाऊ गाठ येते. मग ती घालवायला आणखी बिंदू, आणि आकार लोण्यासारखा सुटत जातो.

ताई, तुमच्या कोपऱ्याकडे येते. आमच्या धंद्यात हे दुखणं रोजचं. 'कि' मधली पहिली वेलांटी शिरोरेषेच्या वरून वळून खाली दांड्याला येते, तिथे दोन वक्र जुळतात. जुळणीत जराशी चूक असली तर लहान आकारात दिसत नाही, बॅनरवर छापली की अक्षराला हाड बाहेर आल्यासारखं दिसतं.

कारण सरळ आहे. कंट्रोल पॉइंट हे रेषेनं जायचं ठिकाण नसून, रेष टोकातून कोणत्या दिशेने निघणार ते सांगणारं बोट आहे. पाठ संपते तेव्हा ती (२७०, २००) कडून (३३०, १८०) कडे येत असते: ६० उजवीकडे, २० वर. म्हणजे हलकी चढण. वशिंड तिथूनच निघतं, पण त्याचं बोट (३४०, ११०) कडे: १० उजवीकडे, ७० वर. जवळजवळ उभं. येणारी दिशा एक आणि जाणारी दुसरी, म्हणून कोपरा. दोन्ही बोटं आणि मधला बिंदू एका सरळ रेषेत आणा, कोपरा गेला.

आता वशिंड एकाच तुकड्यात काढू नका, दोन करा. माथ्यावर एक खरा बिंदू ठेवा, (३७५, ११०). नियम असा की आकार जिथे सर्वांत वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे पोहोचतो तिथे बिंदू हवाच, आणि त्याची दोन्ही बोटं आडवी किंवा उभी हवीत. मग पहिला तुकडा: (३३०, १८०) पासून, कंट्रोल (३५१, १७३) आणि (३४५, ११०), शेवट (३७५, ११०). दुसरा तिथूनच, पहिला कंट्रोल (४०५, ११०), पुढे मानेकडे उतार तुमच्या डोळ्यांनी ठरवा. ३५१, १७३ कुठून आलं? त्याच ६० आणि २० च्या दिशेत २१ उजवीकडे, ७ वर. सरांचं चार-तृतीयांशही आता लागणार नाही, कारण माथा हा खरा बिंदू आहे, ११० म्हणजे ११०.

निवृत्त_गणित
काना_वेलांटी, फार सुरेख. मी उंची दुरुस्त करून दिली, तुम्ही कारणच काढून टाकलं.

रेषा_ओढा
मान्य. आणि भर घालतो, एसव्हीजीच्या पाथमध्ये यासाठीच एस नावाची आज्ञा आहे. आधीच्या कंट्रोल पॉइंटचं आरशातलं प्रतिबिंब ती स्वतःच काढते. हाताने काढायचं तर जोडबिंदूची दुप्पट वजा आधीचा कंट्रोल: ६६० वजा २७० म्हणजे ३९०, ३६० वजा २०० म्हणजे १६०. (३९०, १६०) ही पूर्ण लांबी झाली. काना_वेलांटींनी तीच दिशा ठेवून लांबी साधारण एक-तृतीयांश केली आहे. दिशा सारखी हवी, लांबी सारखीच असली पाहिजे असं नाही.

कासवछाप
पोरांना एवढं एकदम झेपेल का? मी वर्ध्याला सातवीच्या मुलांना पायथॉनच्या टर्टलवर शिकवतो. तिथं कंट्रोल पॉइंट नाहीतच. कासव चालतं आणि वळतं. सर्कल ६०, ९० म्हणजे ६० त्रिज्येचा पाव वर्तुळाचा तुकडा. मग डावीकडे ९० वळा, परत सर्कल ६०, ९०, परत डावीकडे ९०. झालं पिंपळासारखं टोकदार पान, आणि हाच नंदीचा कान. पाव वर्तुळाऐवजी ६० अंशांचा तुकडा घेतला तर प्रत्येक टोकाला १२० वळायचं, पान बारीक होतं. मुलं जमिनीवर चालून बघतात, खडूने वाट काढतात. वक्र म्हणजे थोडं चाल, थोडं वळ, हे पायाला कळलं की डोक्याला सांगावं लागत नाही. टर्टल स्वतःही वर्तुळ असंच काढतो, बारीक बारीक सरळ रेषांचा बहुभुज करून.

एक सावधगिरी: टर्टलमध्ये य वर वाढतो आणि कोन घड्याळाच्या उलट मोजतात. पी५ मध्ये य खाली वाढतो, त्यामुळे कोन घड्याळाच्या दिशेने जातात. दोन्ही एकाच महिन्यात शिकवलं तर पोरं गोंधळतात.

शनिवारचा_वर्ग
कासवछाप दादा, तुमच्या शेवटच्या ओळीत माझ्या पोटाचं उत्तर असावं. मी आर्कला ० ते १८० दिलं होतं, खालचा अर्धा भाग यावा म्हणून. दिशा बरोबर, तरी घास तोडल्यासारखं का?

ई_तिसरं_वर्ष
ताई, अँगल-मोड डिग्रीज, म्हणजे कोन अंशांत धर, असं लिहिलंय का सुरुवातीला?

शनिवारचा_वर्ग
नाही! थांबा, लिहून बघते.

शनिवारचा_वर्ग
पोट आलं.

निवृत्त_गणित
त्या घासाचंही गणित बघा. न सांगता लायब्ररी रेडियन धरते, कोनाचं दुसरं एकक. १८० रेडियन म्हणजे २८ पूर्ण फेऱ्या आणि वर सुमारे २३३ अंश. म्हणून तुमचा आर्क अर्ध्यावर न थांबता पुढे गेला. मुलांना चूक दाखवताना हा आकडा काढून घ्या, रेडियन पुन्हा विसरणार नाहीत.

तर्री_जास्त
२८ फेऱ्या मारून आला बैल, म्हणून पोट वाढलं त्याचं. त्याला जरा वैरण घाला.

एक कामाची गोष्ट सांगतो, मी वेबसाइट बनवतो. पी५ च्या आर्कला रुंदी आणि उंची लागते, म्हणजे पूर्ण व्यास. ब्राउझरच्या साध्या कॅनव्हासचा आर्क त्रिज्या घेतो. इकडचा कोड तिकडे उचलला का नंदी एकदम दुप्पट नाहीतर अर्धा. आणि साध्या कॅनव्हासमध्ये प्रत्येक नव्या आकाराआधी बिगिन-पाथ लिहायचं राहिलं तर जुन्या रेषा परत परत उमटतात, आणि आधीच्या बिंदूपासून आर्कच्या सुरुवातीपर्यंत एक आगाऊ सरळ रेष येते. माझी एक रात्र त्या रेषेनं खाल्ली आहे.

आईची_रांगोळी
मला कोड येत नाही, पण धागा पूर्ण वाचला. देव्हाऱ्यासमोर महिरप काढताना माझी सासू सांगायची, चिमूट थांबवायची नाही, हात कोपरातून फिरवायचा. मनगटातून फिरवला तर वळणावर रांगोळीचा ढीग पडतो आणि वळण मोडतं. आणि नजर चिमटीकडे नसावी, रेष जिथे जाणार तिकडे असावी. काना_वेलांटी म्हणाल्या ना, बोट दिशा दाखवतं, ते वाचून मला तेच आठवलं.

काना_वेलांटी
आईची_रांगोळी, तुमच्या सासूबाईंनी एका ओळीत सांगितलं ते मी विद्यार्थ्यांना एक सत्र घेऊन सांगते. हे वाक्य मी वर्गात वापरणार आहे, चालेल ना?

आईची_रांगोळी
चालेल काय, त्यांना खूप आनंद झाला असता.

रूळ_आणि_रस्ते
मी सिव्हिलवाला, रुळांची आखणी करतो. इथे एक पायरी पुढची सांगावीशी वाटते. दिशा जुळली म्हणजे कोपरा गेला, पण बाक जुळलाच असं नाही. सरळ रुळाला एकदम वर्तुळाचा तुकडा जोडला तर जोडावर दिशा बरोबर असते, डोळ्यांना गुळगुळीत दिसतं, पण गाडी तिथे पोहोचली की प्रवासी एका बाजूला फेकला जातो. बाक शून्यावरून एका झटक्यात पूर्ण होतो ना. म्हणून मधे संक्रमण वक्र टाकतात, त्यात बाक हळूहळू वाढतो. भारतीय रेल्वेत त्यासाठी क्यूबिक पॅराबोला वापरतात. आपल्या मेट्रोत वळणावर उभं राहून बघा, शरीर आधी थोडं कलतं, मग जास्त, मग परत सरळ होतं. पट्टा न धरता उभं राहता येतं ते यामुळेच.

नंदीसाठी एवढं लागत नाही. पण वशिंडावर उजेडाची चमक दाखवायची असेल तर हा फरक लगेच दिसतो, चमक जोडावर तुटते. मोटारींच्या पत्र्यावर हेच पाहतात.

निवृत्त_गणित
मोटारींचं नाव निघालंच आहे तर सांगतो. हे वक्र आलेच मोटारींमधून. पॉल द कास्तेल्जो हा गणिती सित्रोएन कंपनीत होता, त्याने १९५९ मध्ये ही रीत शोधली, पण कंपनीने ती गुपित ठेवली. पिएर बेझिए रेनो कंपनीत अभियंता होता, त्याने स्वतंत्रपणे तेच काम केलं आणि साठच्या दशकात जाहीर केलं. नाव बेझिएचं लागलं. वक्रावरचा बिंदू काढायच्या पद्धतीला मात्र कास्तेल्जोचं नाव आहे.

ती पद्धत कागदावर करून घ्या ताई, कोडच्या आधी. चार बिंदू सरळ रेषांनी जोडा. तिन्ही रेषांचे मध्य काढा. ते तीन मध्य जोडा, त्या दोन रेषांचे मध्य काढा. ते दोन जोडा, शेवटचा मध्य. तोच वक्रावरचा मधला बिंदू. पट्टी आणि पेन्सिल, बस. मुलांचा पहिला प्रश्न होता ना, बिंदू द्यायचा कशाला? त्या बिंदूंचे मध्य, मध्यांचे मध्य, असं करतच रेष तयार होते. प्रत्येक बिंदू रेषेत मिसळलेला आहे, फक्त वेगळा दिसत नाही. साखर पडल्यावर चहात दिसते का?

सुताराचा_पोरगा
सर, शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही पाटीवर खिळे ठोकून दोरा गुंडाळायचो. एका बाजूचा पहिला खिळा दुसऱ्या बाजूच्या शेवटच्याशी, दुसरा शेवटून दुसऱ्याशी. सगळे दोरे सरळ, पण मधे गोल कमान दिसायची. ते हेच का?

निवृत्त_गणित
हेच. सारख्या अंतरावर खिळे असतील तर ती तीन बिंदूंच्या बेझियरची कमान, पॅराबोलाचा तुकडा. एकही दोरा वाकलेला नसतो.

कासवछाप
मग वर्तुळसुद्धा बेझियरनं होते का सर? की फक्त आर्क?

काना_वेलांटी
मी सांगते, हे आमचं रोजचं. अगदी नेमकं वर्तुळ होत नाही, पण डोळ्याला फरक कळत नाही. वर्तुळाचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येक बोटाची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवायची. त्रिज्या १०० असेल तर बोटं ५५.२३. चूक जास्तीत जास्त ०.०२७ टक्के, म्हणजे १०० पिक्सेलला एका पिक्सेलचा अगदी बारीक अंश. फॉन्टमधला अनुस्वार, पूर्णविराम, शून्य, सगळे असेच. ट्रूटाइप फॉन्टमध्ये मात्र तीन बिंदूंचे वक्र असतात, तिथे जास्त तुकडे करावे लागतात.

शनिवारचा_वर्ग
आज वर्ग झाला. सरांनी सांगितलं तसं आधी पट्टी-पेन्सिलने मध्याचे मध्य काढून घेतले. एका मुलीने सोळा बिंदू काढले आणि म्हणाली, "ताई, रेष मी ओढलीच नाही, ती आपोआप आली." मग सुतारदादांची कांबीट. झाडूचे हीर आणले होते, पुठ्ठ्यावर टाचण्या टोचून वाकवले.

काना_वेलांटींचे आकडे टाकले, वशिंड जणू लोणी. कोपरा नाही! पण नवी अडचण. रंग भरला की पाठीचा तुकडा वेगळा रंगतो, वशिंडाचा वेगळा, आणि मधे पांढरी फट. शिवाय एका मुलाने घरून जुना नमुना आणला, त्यात बेझियर-व्हर्टेक्सला सहा आकडे आहेत, आमच्याकडे ते चालत नाही.

तर्री_जास्त
बेझियर वेगळा वेगळा लिहिला का प्रत्येक तुकडा आपली दोन टोकं सरळ जोडून स्वतःपुरता रंग भरते. सगळं बिगिन-शेप आणि एंड-शेपच्या मधे टाका, पाठ, वशिंड, मान, पोट एका दमात, आणि शेवटी क्लोज. मग तो एकच बैल होते.

ई_तिसरं_वर्ष
आणि सहा आकड्यांचं: तो नमुना पी५ च्या पहिल्या आवृत्तीचा आहे. २.० पासून बेझियर-व्हर्टेक्सला एका वेळी एकच बिंदू द्यायचा, दोन आकडे. कर्व्ह-व्हर्टेक्सचं नावही स्प्लाइन-व्हर्टेक्स झालं, आणि त्यात टोकाचे बिंदू दोनदा द्यायची गरज राहिली नाही. नेटवरचे बरेच नमुने जुने आहेत, वर्गात सगळ्यांची आवृत्ती एकच ठेवा.

शिंगांसाठी: जाड रेष ओढू नका, टोकाला ती बोथट राहते. बुडाशी दोन बिंदू, टोकाला एक. बाहेरचा वक्र टोकाकडे जातो, आतला टोकाकडून परत येतो आणि कमी वाकतो. चंद्रकोर जशी.

रेषा_ओढा
चालवण्यासाठी प्रत्येक बिंदूत आकडे वाढवू नका. ट्रान्सलेटने सगळा कागदच सरकवा.

तर्री_जास्त
नागपूरच्या पोरांना सांगायला सोपं आहे. कॅनव्हासचा शून्य बिंदू म्हणजे आपला झिरो माईलचा खांब, जिथून अंतरं मोजतात. पुश म्हटलं, खांबाची जागा लिहून ठेवली, ट्रान्सलेट म्हटलं, खांब सीताबर्डीवरून उचलून अंबाझरीला ठेवला. नंदीचे आकडे तेच, खांबापासून अंतर तेच, म्हणून खांबासोबत नंदीही सरकला. पॉप म्हटलं का खांब परत जागेवर.

शनिवारचा_वर्ग
झिरो माईल सांगितलं आणि सगळ्या वर्गाने एकदम "हो!" म्हटलं. नंदी चालतोय. चाकं फिरतात. शिंगांना एकाने हिंगुळाचा लाल दिला, एकीने बेगडासारखी सोनेरी टोकं. झुलीची किनार महिरपीची, ती आईची_रांगोळी यांच्यासाठी. शेवटचा हट्ट राहिला: शेपूट हलली पाहिजे.

निवृत्त_गणित
शेपटीचं बूड स्थिर ठेवा. टोक आणि खालचा कंट्रोल पॉइंट साइनने हलवा: ३० गुणिले साइन, आत फ्रेम-काउंट (आतापर्यंत किती फ्रेम झाल्या तो आकडा) गुणिले ०.०५. एक हेलकावा साधारण १२६ फ्रेमचा, सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर दोन सेकंदांहून किंचित जास्त. पण आता अँगल-मोड डिग्रीज आहे ना? साइनही अंश धरेल आणि शेपूट जागची हलत नाही असं वाटेल. ०.०५ च्या जागी ३ ठेवा.

शनिवारचा_वर्ग
सर, हे तुम्ही आधीच सांगितलं नसतं तर पुढचा शनिवार त्यातच गेला असता. हलली शेपूट!

सुताराचा_पोरगा
ताई, तुमची लिंक बाबांना मोबाइलवर दाखवली. हातातली कानस खाली ठेवून त्यांनी तीनदा नंदी चालवला. वशिंडावरून स्क्रीनवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "इथं हात अडकत नाही, चांगलं घोटलं पोरांनी." मग म्हणाले, "पण गळ्याखाली लोंबते ती कातडीची पोळी कुठं हाये याच्या? गळा असा सपाट रायला तर वासरू दिसते, बैल नाही."

शनिवारचा_वर्ग
काकांना नमस्कार सांगा. पोळी खरंच राहिली. मानेपासून छातीपर्यंत दोन तुकडे, सर्वांत खाली लोंबते तिथे एक बिंदू, बोटं आडवी, बरोबर ना काना_वेलांटी? शनिवारी मुलं येतील तेव्हा आकडे त्यांनाच ठरवू देते.

काना_वेलांटी
अगदी बरोबर. मानेकडची जुळणी तेवढी बघा.